‘ड्रॅक्युला पोपट’ खरा आहे, पण तो रक्त पीत नाही, उंबरं खातो

प्रश्न असा आला आहे: “काळ्या-लाल रंगाच्या, गिधाडासारख्या तोंडाच्या एका पोपटाचा फोटो सगळीकडे फिरतोय. त्याला ड्रॅक्युला पोपट म्हणतात. हा पक्षी खरा आहे की संगणकावर बनवलेला? खरा असेल तर न्यूझीलंडच्या किआसारखा तोही मांस खातो का? आणि असा पोपट पाळता येतो का?”

तिन्ही उत्तरं आधीच देऊन टाकतो. खरा आहे. मांस खात नाही. पाळायचा विचार सोडून द्या. फळांवर जगणाऱ्या पोपटांची देखभाल आणि औषधपाणी करण्यात माझी वीसेक वर्षं गेली आहेत, आणि या एका पक्ष्याबद्दल विचारलं की माझं उत्तर लांबतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पक्ष्याचं नाव पेस्केचा पोपट, शास्त्रीय नाव सिट्रिकास फुल्जिडस. रने प्रिमव्हेअर लेसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १८३० साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. ‘ला कोकीय’ नावाच्या जहाजावरून १८२४ मध्ये न्यू गिनीला जाऊन आलेला आणि तिथल्या जंगलात जिवंत स्वर्गपक्षी पाहून त्याबद्दल लिहिणारा तोच हा लेसन. पेस्केचा पोपट जगात फक्त न्यू गिनी बेटावर आढळतो. या बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग पापुआ न्यू गिनी या देशाचा, तर पश्चिमेकडचा इंडोनेशियाचा. मध्ये जवळजवळ सरळ आखलेली सीमा आहे. पक्ष्याला अर्थातच तिचं सोयरसुतक नाही. बेटाच्या मधोमध आडव्या गेलेल्या डोंगररांगेच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवरची वर्षावनं त्याची. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरपर्यंत तो कुठेही दिसू शकतो, पण मुख्यतः सहाशे ते बाराशे मीटरच्या पट्ट्यात.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो: लांबी साधारण ४६ सेंटिमीटर, वजन ६८० ते ८०० ग्रॅम. म्हणजे कावळ्यापेक्षा थोडा लांब आणि वजनाने दुपटीहून जास्त. पाठ, शेपूट आणि डोक्यावरची विरळ केसाळ पिसं काळी. छातीवर राखाडी कडांची पिसं, त्यामुळे खवले असल्यासारखं दिसतं. पोट, शेपटीखालचा भाग आणि पंखांवरचा पट्टा मात्र भडक लाल. नराच्या डोळ्यामागे एक लाल ठिपका असतो, मादीच्या नसतो. नर-मादी ओळखण्यासाठी एवढी खूण पुरते. बऱ्याच मोठ्या पोपटांमध्ये रक्त तपासल्याशिवाय नर-मादी कळत नाही, तेव्हा आम्हा वैद्यांना हा ठिपका फारच सोयीचा.

‘ड्रॅक्युला’ हे नाव फोटोंसोबत पसरलं. मागून उजेड, समोर काळी पिसं, आणि लाल पोट अंगरख्याच्या अस्तरासारखं दिसेल असा कोन. नेहमीच्या उजेडात, फांदीवर बसून पिसं साफ करणारा हाच पक्षी बघितलात तर भीतीपेक्षा गंमत वाटेल. इंग्रजीत त्याला ‘गिधाड-पोपट’ अशा अर्थाचंही जुनं नाव आहे. त्याने आणखी एक घोळ होतो, कारण त्याच अर्थाचं नाव ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनच्या खालच्या खोऱ्यातल्या पिरिलिया वल्चुरिना या वेगळ्याच, छोट्या, हिरव्या पोपटालाही आहे. त्याचंही डोकं उघडं. त्या छोट्या पोपटाची एक गोष्ट ओघात सांगतोच. त्याच्यासारखेच पण नारिंगी डोक्याचे पक्षी अनेक वर्षं त्याचीच पिल्लं समजले जात होते. ती जात वेगळी आहे हे २००२ साली नीट मांडलं गेलं, कारण तपासलेल्या पक्ष्यांत पूर्ण वाढ झालेले, प्रजननक्षम पक्षी निघाले. इंटरनेटवर गिधाड-पोपट शोधाल तर या दोघांची माहिती एकमेकांत कालवलेली सापडेल, म्हणून आधी देश बघा. न्यू गिनी असेल तरच आपला पक्षी.

आता त्या तोंडाकडे येऊ. लोकांना गिधाड आठवतं ते उघड्या चेहऱ्यामुळे आणि लांब, अणकुचीदार चोचीमुळे. गिधाड मढ्यात डोकं खुपसतं, म्हणून हाही तसंच करत असणार, असा तर्क होतो. डोकं खुपसण्यापर्यंत तर्क बरोबर आहे. फक्त मढ्याच्या जागी फळ ठेवा. या पक्ष्याचं जवळजवळ सगळं जेवण उंबराच्या गोतातल्या मोजक्या जातींच्या झाडांवर चालतं. वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही सगळी ज्या फायकस प्रजातीतली, तिच्या दीडशेच्या आसपास जाती न्यू गिनीत आहेत. पिकलेलं मोठं उंबर फोडून खाताना चिकट गर आणि चीक थेट डोळ्यांपर्यंत येतो. चेहऱ्यावर दाट पिसं असती तर ती चिकटून त्यांचे गठ्ठे झाले असते. उघडी कातडी फांदीवर घासली की साफ. हे अनुमान आहे, पण ज्याने अशा पक्ष्यांच्या डोक्यावरचा वाळलेला गर कोमट पाण्याने सोडवला आहे त्याला ते लगेच पटतं. चोचीचंही तेच. दाणे फोडणाऱ्या पोपटाची चोच आखूड आणि जाडजूड, अडकित्त्यासारखी असते. याची लांबट आणि निमुळती. तिचं काम फोडण्याचं कमी आणि गर ओरबाडून काढण्याचं जास्त. उंबरांखेरीज तो काही झाडांची फुलं आणि मधही खातो. रक्तामांसाशी त्याचा संबंध नाही.

एक जुनी चूक कबूल करतो. उमेदवारीच्या काळात मी जिथे काम करत होतो, तिथे फळं खाणारा एक पोपट आला. जात दुसरी होती, पण सवयी याच धाटणीच्या. आम्ही त्याच्यासमोर ‘पोपटाचं खाणं’ म्हणून बियांचं मिश्रण ठेवलं. पोपट म्हणजे बिया, हे डोक्यात पक्कं बसलेलं. वाटी रोज विस्कटलेली दिसे, म्हणून आम्ही समजलो खातोय. तो नुसत्या बिया उडवत होता. आठवड्यात वजन इतकं उतरलं की छातीचं हाड हाताला लागायला लागलं. पक्षी वाचला, पण तेव्हापासून नवा पक्षी आला की मी आधी वाटी बघत नाही, वजनकाटा बघतो. हे सांगायचं कारण असं की पेस्केच्या पोपटाच्या बाबतीत हीच चूक अनेकदा झाली असणार. त्याची पचनव्यवस्थाच वेगळ्या चालीची आहे. पाणीदार फळ आत जातं, भराभर पुढे सरकतं, पातळ विष्ठा बाहेर पडते, आणि पक्षी पुन्हा खायला तयार. दाणे खाणाऱ्यासारखं एकदा पोट भरून निवांत बसणं याला जमत नाही.

उंबरावर जगणं म्हणजे नेमकं काय, हे समजलं की या पक्ष्याचं बाकीचं आयुष्य आपोआप समजतं. आपल्याकडे दुर्मिळ गोष्टीला ‘उंबराचं फूल’ म्हणतात. खरं तर उंबराला फुलं ढीगभर असतात, ती फळाच्या आत मिटलेली असतात इतकंच. ज्याला आपण फळ म्हणतो तो आतल्या बाजूला वळलेला फुलोरा. त्या फुलांचं परागीभवन अगदी बारीक गांधीलमाश्या करतात, आणि बहुतेक वेळा उंबराच्या जातीगणिक माशीची जात ठरलेली असते. माशीचं प्रौढ आयुष्य एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात तिला दुसऱ्या झाडावर योग्य अवस्थेतला फुलोरा सापडला नाही तर तिचा वंश तिथेच संपला. म्हणून जंगलात एकाच जातीची सगळी झाडं एकाच वेळी बहरत नाहीत. आज हे झाड, दोन आठवड्यांनी पलीकडच्या डोंगरावरचं. माशीसाठी केलेली ही सोय पोपटाच्याही उपयोगी पडते: वर्षभर कुठे ना कुठे फळ असतंच. पण ते नेमकं कुठे हे शोधावं लागतं. त्यामुळे पेस्केचा पोपट सतत भटकत असतो. एकेकटा, जोडीने, कधी वीसेकांच्या थव्यात, दऱ्या ओलांडत, उंचीचे पट्टे बदलत. छोट्या राखीव तुकड्यात त्याला ‘वाचवता’ येत नाही, ते याच कारणाने. तुकड्यात उंबराची झाडं असतील, पण त्या महिन्यात त्यांना फळ असेलच असं नाही.

आणि आहार तसा निकृष्टच. उंबरांत साखर आणि कॅल्शियम बऱ्यापैकी, पण प्रथिनं आणि चरबी कमी. फळात मेलेल्या माश्यांमधून थोडंफार मिळतं तेवढंच. अशा शिध्यावर मोठं कुटुंब पोसणं अवघड. माझ्या मते या पक्ष्याचा प्रजननाचा वेग कमी असण्यामागे हेही एक कारण आहे. मादी साधारण दोनच अंडी घालते. पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हा आकडा लक्षात ठेवा.

घरटं उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत. इथे न्यू गिनीची एक खासियत आड येते: या बेटावर सुतारपक्षी नाहीत. माकडंही नाहीत आणि खारीही नाहीत. माकडं-खारी नसल्याने शेंड्यावरची फळं पक्ष्यांच्या, वटवाघळांच्या आणि कुस्कुस नावाच्या पिशवीधारी प्राण्यांच्या वाट्याला येतात. हा फायदा. पण सुतारपक्षी नसल्याने ढोल्या कोरणारं कुणी नाही. फांदी मोडते, पाणी मुरतं, बुरशी लाकूड खाते, वाळवी पोखरते, आणि अनेक दशकांनी मोठा पक्षी मावेल अशी ढोली तयार होते. त्या ढोलीवर काकाकुव्यांचा डोळा, इक्लेक्टस पोपटांचा डोळा, बेटावरच्या एकुलत्या एका धनेशाचाही डोळा. जंगलतोडीत सगळ्यात आधी जातात ती हीच जुनी, जाड झाडं. जंगल पुन्हा हिरवं दिसायला फार वर्षं लागत नाहीत, ढोल्या परत यायला लागतात.

नातेवाइकांबद्दल थोडं, कारण ते मजेशीर आहे. दिसण्यावरून याला कुणी कुठे बसवावं हेच कळत नसे. डीएनएच्या अभ्यासांनी त्याचे जवळचे भाऊबंद दाखवले ते थेट हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला: मादागास्कर, कोमोरो आणि सेशेल्स बेटांवरचे काळपट वासा पोपट. मध्ये हजारो किलोमीटर पाणी. शेजारच्या झाडावर बसणारा इक्लेक्टस त्याला लांबचा, आणि न पाहिलेला वासा जवळचा. वासा पोपटांतही मादीच्या डोक्यावरची पिसं विणीच्या हंगामात गळतात आणि पिवळसर टक्कल पडतं. या दोन टकलांचा एकमेकांशी संबंध जोडायचा मोह होतो, पण वासाचं टक्कल हंगामी आणि मादीपुरतं, तर आपल्या पक्ष्याचा चेहरा नर-मादी दोघांतही कायमचा उघडा. मोह आवरलेला बरा.

आता लाल रंग. खरा घात इथे आहे.

फ्लेमिंगोचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, हे तुम्ही ऐकलं असेल. पोपटांचं तसं नाही. त्यांचे लाल-पिवळे रंग सिटॅकोफल्विन नावाच्या रंगद्रव्यांचे असतात, आणि ती पोपटाचं शरीर वाढत्या पिसात स्वतःच तयार करतं. अन्नातली कॅरोटिनॉइडं, म्हणजे गाजराला नारिंगी करणारी रंगद्रव्यं, त्याच्या रक्तात फिरतात, पण पिसांत उतरत नाहीत. पिसं कुजवणाऱ्या जिवाणूंवर प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांत, ही रंगद्रव्यं असलेली पिसं पांढऱ्या पिसांपेक्षा उशिरा कुजतात असं दिसलं आहे. सतत पाऊस पडणाऱ्या जंगलात पक्ष्याला याचा फायदा. पण माणसाच्या नजरेने बघा: न विटणारं, टिकाऊ, गडद लाल पीस.

न्यू गिनीच्या मध्यवर्ती डोंगराळ भागात पिसांचे मुकुट हे नुसतं नटणं नसतं. कुळाची पत, लग्नसंबंध, जुन्या देण्याघेण्यांचा हिशेब, सगळं त्या सजावटीत वाचता येतं. टोक पिसिन या तिथल्या संपर्कभाषेत या सजावटीला ‘बिलास’ म्हणतात, नाचगाण्याच्या मेळाव्याला ‘सिंगसिंग’, आणि पिसाला ‘ग्रास बिलाँग पिसिन’, म्हणजे शब्दशः पक्ष्याचं गवत. मला हा शब्द फार आवडतो. वाघी खोऱ्यासारख्या भागांत स्वर्गपक्ष्यांच्या लांब पिसाऱ्यांसोबत पेस्केच्या पोपटाची लाल पिसं मुकुटात बसतात, आणि वधूमूल्याच्या देवघेवीतही ती चालत आली आहेत.

गंमत अशी की ज्या खोऱ्यात या पिसांना सर्वांत जास्त मान, तिथे पक्षी जवळपास नाहीच. वाघी खोऱ्यात माणूस हजारो वर्षांपासून शेती करतो. कुक इथल्या दलदलीत किमान सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि २००८ पासून ती जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. म्हणजे खोऱ्यातलं जंगल फार पूर्वीच गेलेलं. पिसं येत ती डोंगरकडांवरच्या जंगलातल्या लोकांकडून, हातोहात, व्यापाराच्या जुन्या वाटांनी. १९३३ मध्ये लेही बंधू आणि जिम टेलर यांची ऑस्ट्रेलियन मोहीम या खोऱ्यात पोचली तेव्हा बाहेरच्या जगाला इथे दाट वस्ती आहे याचाच पत्ता नव्हता. त्यानंतर रस्ते आले, रोख पैसा आला आणि बंदुका आल्या. धनुष्याने शेंड्यावरचा पक्षी पाडायला दिवस जायचा. बंदुकीने उंबराच्या फळलेल्या झाडाखाली बसून एका सकाळीत सगळा थवा संपवता येतो. दोन अंड्यांचा हिशेब इथे आठवा.

मी हे कुणाला गुन्हेगार ठरवायला लिहीत नाही. पिसं जपून ठेवली तर पिढ्यांना पुरतात. ती गुंडाळून, बांबूच्या नळकांड्यात घालून घरात ठेवण्याची रीत आहे, आणि नातेवाइकांकडून मुकुटासाठी उसनी पिसं आणण्याचीही. नवा पक्षी मारण्याची गरज तेव्हा पडते जेव्हा जुनी पिसं खराब होतात, विकली जातात, किंवा एका कुळाला दुसऱ्यापेक्षा मोठा मुकुट हवा असतो. म्हणून ‘बंदी घाला’ असं दूर बसून म्हणणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही. पापुआ न्यू गिनीत सुमारे ९७ टक्के जमीन पारंपरिक कुळांच्या मालकीची आहे. शिकार थांबायची असेल तर ती कुळांच्या मनावर आणि जुन्या पिसांची निगा राखण्यावर थांबेल. राजधानीतल्या कागदावर थांबणं कठीण.

आज या पक्ष्याची नोंद आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ अशी आहे आणि अंदाज साधारण २० हजार ते ५० हजार प्रौढ पक्ष्यांचा. आकडा ऐकून हायसं वाटू देऊ नका. तो जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या बेटावर विखुरलेला आहे, आणि मध्यवर्ती डोंगररांगेच्या काही भागांतून पक्षी आधीच नाहीसा झाला आहे.

पाळण्याबद्दल. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो. बहुतेक सगळे पोपट १९८१ पासून तिथे आहेत. परवान्याशिवाय आंतरराष्ट्रीय व्यापार बेकायदा. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हा घरचा पक्षी नव्हे. दिवसभर पिकलेली फळं, सतत पातळ विष्ठा, भिंतीवर उडालेला गर, आणि जागा तर प्रचंड लागणार. शिवाय इतर पोपटांसारखा हा चोच टेकत जाळीवर चढत बसत नाही, तो पंख झटकत या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारतो. त्याला पिंजरा म्हणजे हालचालच बंद. जगातल्या मोजक्या प्राणिसंग्रहालयांनी त्याला नीट सांभाळलं आणि वाढवलं आहे, तिथे माणसांची फौज असते. आणि तो बोलायला शिकेल का, हेही काहीजण विचारतात. पोपटपंचीसाठी दुसरा कुणी शोधा; याचा मूळ आवाज कर्कश, घशातून ओरडल्यासारखा असतो.

बघायचाच असेल तर त्याच्या घरी जाऊन बघा. पापुआ न्यू गिनीच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, इंडोनेशियाच्या सीमेजवळ, टाबुबिल नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक, वर्षाला सात-आठ मीटर पाऊस. रेनकोटचा तिथे फारसा उपयोग नाही, दुर्बिणीसाठी कोरडी पिशवी मात्र न्या. पहाटे उघड्या दरीकडे तोंड करून उभं राहायचं आणि वाळक्या शेंड्याची उंच झाडं एकेक करून तपासायची, कारण हा पक्षी पानांत लपून बसण्यापेक्षा उघड्या शेंड्यावर बसतो. बहुतेक वेळा आधी आवाज येतो. मग काळी आकृती: भराभर चार-सहा फटकारे, थोडं तरंगणं, पुन्हा फटकारे. लांबट मान आणि छोटं डोकं यामुळे क्षणभर तो पोपट वाटतच नाही. ऊन आलं असेल आणि पक्षी वळला तर पंखावरचा लाल पट्टा दिसतो. नाही वळला तर नुसताच काळा. मला पहिल्या दोन दिवसांत नुसताच काळा दिसला.